आधीं निदान, मग चिमटा

रोगाचें मूळ कारण शोधून काढण्याला आपल्याकडे ‘निदान’ म्हणतात, आणि हा शब्द वैद्यकाइतकाच जुना आहे. सुश्रुतसंहितेंत निदानस्थान नांवाचा स्वतंत्र विभाग असून त्याच्या सोळाव्या म्हणजे शेवटच्या अध्यायांत मुखरोगांचें वर्णन केलेलें आहे. ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दांतांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, घशाचे १७ आणि सर्व मुखांत पसरणारे ३, अशी एकंदर ६५ रोगांची ही मोजदाद आहे. आजच्या शास्त्राच्या कसोटीला तिच्यांतील सर्वच रोग उतरतील असें नाहीं. परंतु हिरड्यांचीं दुखणीं आणि दांतांचीं दुखणीं ज्या वैद्यांनीं निरनिराळीं मांडलीं, त्यांना उपचाराला हात घालण्यापूर्वीं दुखण्याचें घर कोणतें हें ठरविण्याचें महत्त्व कळलेलें होतें, हें उघड आहे.

ही साधी गोष्ट विसरली गेली म्हणजे काय होतें, याचा दाखला फार दूरच्या काळांत शोधावयास नको. दंतविद्येची सर्वांत अधिक भरभराट ज्या देशांत झाली, त्या अमेरिकेंतच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत असंख्य माणसांचे असंख्य दांत, त्यांचा अपराध सिद्ध होण्यापूर्वींच, उपटून टाकण्यांत आले. हें कृत्य अडाणी वैदूंचें नव्हतें. नामांकित विद्यापीठांतील अध्यापक, मोठमोठीं रुग्णालयें आणि सन्मान्य डॉक्टर त्यांत सामील होते. म्हणूनच तो इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

दांत दुखला तर कोणता दांत दुखतो हें ओळखणें सोपें, अशी सर्वसाधारण समजूत असते. कारण ज्याचें दुखतें तोच बोट लावून दाखवितो. पण हें बोट पुष्कळदां चुकतें. चेहऱ्याच्या एका बाजूची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतु एकच असून, कपाळ, वरचा जबडा व खालचा जबडा अशा त्याच्या तीन शाखा आहेत. त्यामुळें खालच्या दाढेची कळ वरच्या दाढेंत किंवा कानांत जाणवूं शकते. गालाच्या हाडांतील पोकळी सर्दीनें भरून आली कीं वरच्या निरोगी दाढा ठणकूं लागतात. हृदयाला रक्ताचा पुरवठा कमी पडल्यामुळें उठणारी कळदेखील कधीं कधीं डाव्या जबड्यांत उतरते. ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण जणूं दांतांच्या दुखण्यासाठींच जन्मास आली असावी!

ही फसगत जुन्या शस्त्रवैद्यांच्याहि ध्यानांत आली होती. चेहऱ्याच्या मज्जातंतूपासून उठणाऱ्या भयंकर कळांचें वर्णन लंडनचे वैद्य जॉन फॉदरगिल यांनीं १७७३ सालीं केलें. त्यानंतर पांच वर्षांनीं, १७७८ मध्यें, सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं दांतांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. जबड्याचें एक दुखणें असें आहे कीं, त्याचा दांतांशीं वस्तुतः संबंध नसतो, पण संशय मात्र दांतांवरच येतो, असें त्यांनीं त्यांत सांगितलें आहे. अशा रोग्याचा एक दांत काढला कीं कळ शेजारच्या दांतांत असल्यासारखी वाटते. तो काढला कीं त्याच्या पलीकडच्या दांतांत. असें करतां करतां एका बाजूचे सगळे दांत जातात आणि कळ मात्र जागच्या जागीं राहते.

चुकीच्या निदानाचा दुसरा जुना नमुना म्हणजे दांतांतील किडा. दांतांत किडा शिरतो व तो आंतून पोखरतो, ही कल्पना बाबिलोनच्या मातीच्या विटांवरील लेखांपासून युरोपांतील खेड्यापाड्यांपर्यंत सर्वत्र पसरलेली होती. आपल्याकडेहि ‘दांताला कीड लागली’ असेंच म्हणतात, आणि भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडण्याचा उपाय खेडोपाडीं ठाऊक होता. पॅरिसचे दंतवैद्य पियेर फोशार यांनीं १७२८ सालीं दंतवैद्यकावर आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत सूक्ष्मदर्शकांतून पाहूनहि असे किडे आपणांस आढळले नाहींत असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत बाजूस सारून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्याचा हा प्रयत्न होता, आणि आधुनिक दंतविद्येचा पाया फोशार यांनीं घातला असें जें म्हणतात तें यामुळेंच सार्थ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निदानाच्या कामीं दोन मोठीं साधनें हातीं आलीं. पहिलें साधन जंतुशास्त्राचें. बर्लिन येथें काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनीं १८९० सालीं तोंडांतील सूक्ष्म जंतूंवर ग्रंथ लिहिला. तोंडांत राहिलेल्या पिष्टमय व गोड अन्नापासून जंतु आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानें दांत झिजतो, हें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९१ मध्यें, तोंड हें शरीरांतील इतर रोगांचें उगमस्थान होऊं शकतें, असें प्रतिपादन करणारा लेख त्यांनीं प्रसिद्ध केला.

दुसरें साधन क्ष-किरणांचें. रंटगेन यांना या किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं लागला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, जानेवारी १८९६ मध्यें, जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनीं स्वतःच्या दांतांचें क्ष-किरणचित्र घेतलें. त्यासाठीं त्यांना २५ मिनिटें स्तब्ध राहावें लागलें! त्याच वर्षीं न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनीं अमेरिकेंत दांतांचीं क्ष-किरणचित्रें घेण्यास आरंभ केला. दांताचें मूळ आणि भोंवतालचें हाड जिवंत माणसांत प्रथमच दिसूं लागलें.

आतां निदान अचूक होऊं लागेल, अशीच अपेक्षा कोणीहि केली असती. झालें मात्र उलटें.

३ ऑक्टोबर १९१० रोजीं लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठांत एक व्याख्यान दिलें. तोंडांतील पूयुक्त दूषितपणाकडे डॉक्टर दुर्लक्ष करतात आणि त्यापासून शरीरांत नाना रोग होतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. अमेरिकन पद्धतीच्या सोन्याच्या टोप्या व पूल यांवर त्यांनीं कडक टीका केली. सडक्या मुळांवर चढविलेल्या या सोन्याला त्यांनीं समाधीची उपमा दिली. त्यांच्या टीकेंत तथ्य नव्हतें असें नाहीं. त्या काळीं मुळाची स्थिति न तपासतां वरून सोनें चढविण्याचा प्रघात खरोखरच बोकाळला होता. म्हणजे हंटर यांची मूळ तक्रार निदानाच्या अभावाविषयींचीच होती. परंतु तिचा परिणाम असा झाला कीं, निदानाशिवाय सोनें चढविण्याच्या जागीं निदानाशिवाय दांत उपटणें सुरू झालें.

शिकागोचे प्रख्यात वैद्य फ्रँक बिलिंग्ज यांनीं १९१२ पासून हा विचार शास्त्रीय भाषेंत मांडला. दांताच्या मुळाशीं किंवा टॉन्सिलमध्यें जंतूंचें एक लहानसें ठाणें असतें, तेथून जंतु किंवा त्यांचें विष रक्तावाटे दूर जाऊन सांधे, मूत्रपिंड, हृदय यांना बिघडवितें, असा तो ‘केंद्रस्थ दोषा’चा सिद्धान्त होय. त्यांचे सहकारी एडवर्ड रोझेनौ यांनीं रोग्यांच्या शरीरांतील जंतु प्राण्यांना टोंचून, जे जंतु सांध्यांतून आले ते सांध्यांतच जातात, असें दाखविल्याचा दावा केला. सिद्धान्त ऐकण्यास सोपा होता. सांधेदुखीसारख्या ज्या दुखण्यांवर उपाय नव्हता, त्यांवर एकदम उपाय सांपडल्यासारखा झाला. शिवाय हाताशीं चिमटा होताच.

पाहतां पाहतां अमेरिकेंत दंतवैद्यांचा असा एक पक्षच निर्माण झाला कीं, ज्या दांताची मज्जा मेलेली आहे असा प्रत्येक दांत, दुखत असो वा नसो, काढलाच पाहिजे, असें तो म्हणे. त्या पक्षाला ‘शंभर टक्केवाले’ असें नांव पडलें. सांधे धरले, दांत काढा. डोळा लाल झाला, दांत काढा. अशक्तपणा वाटतो, दांत काढा! क्ष-किरणचित्रांत मुळाच्या टोंकाशीं काळी छाया दिसली कीं तो पुरावा पुरेसा होई. वास्तविक खालच्या जबड्यांत, पुढच्या लहान दाढांच्या मुळांजवळ, ओठाकडे जाणारा मज्जातंतु बाहेर पडण्यासाठीं निसर्गानेंच एक छिद्र ठेवलेलें आहे. चित्रांत तें गोल काळ्या डागासारखें उमटतें आणि नवशिक्याला हुबेहूब गळवासारखें भासतें. दांत जिवंत आहे कीं मेलेला हें गार किंवा ऊन पदार्थानें अथवा विजेच्या सौम्य प्रवाहानें तपासतां येतें, हें तेव्हांहि माहीत होतें. पण एकदां सिद्धान्तानें निकाल देऊन टाकल्यावर तपासणीची तसदी घेणार कोण?

या लाटेविरुद्ध उभे राहिलेल्या थोड्या लोकांत ज्यांनीं क्ष-किरण अमेरिकन दंतवैद्यांच्या हातीं दिले ते केल्स हेच होते. केवळ छायेवरून दांत काढणें हा क्ष-किरणांचा दुरुपयोग आहे, असें त्यांनीं १९२० सालीं दंतवैद्यांना कठोर शब्दांत बजावलें. त्यांना हा अधिकार कसा प्राप्त झाला होता तें सांगितलें पाहिजे. आरंभीच्या काळीं किरणांच्या धोक्याची पुरेशी जाणीव नव्हती. चित्रें घेतांना वर्षानुवर्षें किरणांत हात धरल्यामुळें केल्स यांना कर्करोग जडला. बोटें, हात, मग बाहु अशा शस्त्रक्रिया सोसून १९२८ सालीं त्यांनीं आपल्या हातानें जीवनाचा शेवट केला. निदानाच्या साधनासाठीं ज्यानें एवढें मोल दिलें, त्यालाच त्या साधनाचा असा विपर्यास झालेला पाहावा लागला.

विपर्यासाची परिसीमा न्यू जर्सी संस्थानांतील ट्रेन्टन येथील सरकारी मनोरुग्णालयांत झाली. डॉक्टर हेन्री कॉटन १९०७ पासून तेथील प्रमुख होते. ते मूर्ख नव्हते कीं दुष्टहि नव्हते. जर्मनींत क्रेपेलिन व आल्त्सहायमर यांच्यासारख्या थोरांजवळ ते शिकलेले होते, आणि रुग्णालयांत वेड्यांना बांधून ठेवण्याचीं साधनें त्यांनीं आल्याबरोबर बंद करविलीं होतीं. पुढें त्यांच्या मनानें घेतलें कीं, वेड म्हणजे शरीरांतील दडलेल्या जंतुदोषाचें विष मेंदूला चढणें होय. मग रोग्यांचे दांत काढण्यास सुरुवात झाली. दांत काढून गुण आला नाहीं तर टॉन्सिल. त्यानेंहि आला नाहीं तर पोट कापून मोठें आतडें. या शेवटच्या शस्त्रक्रियेंत खुद्द कॉटन यांच्याच हिशेबाप्रमाणें सुमारें ३० टक्के रोगी दगावत. तरीहि शेंकडा ८५ रोगी बरे होतात, असें ते सांगत. १९२१ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठानें त्यांना व्याख्यानांचा मान दिला. त्यांची श्रद्धा इतकी गाढ होती कीं, आपल्या पत्नीचे व दोन्ही मुलांचे दांत त्यांनीं काढविले, आणि स्वतःचेहि.

मनोरुग्ण हा सर्वांत असहाय रोगी होय. ‘माझा दांत दुखत नाहीं’ असें तो सांगूं लागला तर तें वेडाचेंच लक्षण ठरे. शुद्धीवर आलेल्या रोग्याला आपल्या तोंडांत एकहि दांत नाहीं असें आढळावें, नीट चावतां येऊं नये, शब्दहि नीट उच्चारतां येऊं नयेत, आणि मूळचा रोग मात्र कायम असावा, यापरतें दुर्दैव तें कोणतें?

कॉटन यांच्या दाव्याची कसोटी पाहण्याचा मार्ग अवघड नव्हता. न्यू यॉर्क येथील जंतुशास्त्रज्ञ निकोलस कोपेलॉफ व मानसरोगतज्ज्ञ क्लॅरेन्स चेनी यांनीं तो अवलंबिला. सारख्या स्थितींतील रोग्यांचे त्यांनीं दोन गट पाडले. एका गटांतील रोग्यांचे दूषित दांत व टॉन्सिल काढले, दुसऱ्या गटाला तसेंच ठेवलें, आणि बाकीची शुश्रूषा दोघांचीहि सारखी केली. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, दोन्ही गटांत फरक पडला नाहीं. पुढें १९२४ मध्यें डॉक्टर फिलिस ग्रीनेकर या विदुषीला ट्रेन्टनचीं कागदपत्रें व रोगी तपासण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांनीं एकेका रोग्याचा माग काढला. ज्यांच्यावर सर्वांत अधिक उपचार झाले होते त्यांच्यांतच मृत्यूचें प्रमाण अधिक व बरे होण्याचें प्रमाण कमी, असें त्यांस आढळून आलें. परंतु हें काम ज्यांनीं सोंपविलें होतें ते कॉटन यांचे गुरु अडॉल्फ मेयर यांनीं तो अहवाल प्रसिद्ध होऊं दिला नाहीं. शिष्याच्या अब्रूची चिंता गुरूला वाटली. रोग्यांच्या दांतांची चिंता वाहण्यास कोणी उरलें नाहीं. कॉटन १९३० पर्यंत प्रमुखपदावर राहिले व १९३३ सालीं मरण पावले.

इतके सुशिक्षित लोक इतकीं वर्षें फसले कसे, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें एक उत्तर असें कीं, काढलेल्या दांताची तपासणीच सदोष होती. उपटलेल्या दांताच्या मुळाशीं जंतु सांपडत, आणि तो दांत दोषी असल्याचा पुरावा मानला जाई. पण दांत हलवून व दाबून काढतांना हिरडीच्या कडेचे जंतु खालीं मुळाशीं ढकलले जातात. लंडनमध्यें फिश व मॅक्लीन यांनीं १९३६ सालीं दाखवून दिलें कीं, दांत काढण्यापूर्वीं हिरडीची कड डाग देऊन निर्जंतुक केली तर मुळाशीं जंतु सांपडत नाहींत. म्हणजे जो पुरावा म्हणून पुढें केला जात होता, तो पुष्कळदां चिमट्यानेंच निर्माण केलेला होता!

दुसरें उत्तर मनुष्यस्वभावांत आहे. सांधेदुखीसारखें दुखणें आपोआप कमीजास्त होत असतें. दांत काढल्यानंतर तें कमी झालें कीं श्रेय चिमट्याला; न झालें तर ‘अजून एखादा दूषित दांत राहिला असेल’ असा अर्थ लावावयाचा. अशा रीतीनें सिद्धान्त कधीं हरतच नाहीं. हरतो तो रोगी. अखेर न्यू यॉर्कचे सांधेरोगतज्ज्ञ रसेल सीसिल, जे पूर्वीं याच मताचे पुरस्कर्ते होते, त्यांनीं अँजेव्हाइन यांच्यासह संधिवाताच्या २०० रोग्यांचा हिशेब १९३८ सालीं मांडला. दांत व टॉन्सिल काढूनहि बहुतेकांना गुण आलेला नव्हता. १९४० सालीं राइमन व हॅव्हन्स यांनीं या मताची सविस्तर चिकित्सा केली, आणि हळूहळू ती लाट ओसरली. गेलेले दांत मात्र परत आले नाहींत.

या इतिहासावरून दांतांचा व शरीराचा संबंधच नाहीं असें कोणी समजेल, तर तोहि दुसऱ्या टोंकाचा प्रमाद होईल. लंडनचे ओकेल व एलियट यांनीं १९३५ सालीं १३८ रोग्यांचें रक्त दांत काढल्याबरोबर तपासलें, तेव्हां ६१ टक्के रोग्यांच्या रक्तांत जंतु आढळले. हृदयाची झडप आधींच बिघडलेली असेल तर हे जंतु तेथें ठाण मांडूं शकतात, आणि म्हणूनच आजहि अशा कांहीं रोग्यांना दांत काढण्यापूर्वीं जंतुनाशक औषध देतात. मधुमेह व हिरड्यांचा रोग एकमेकांना वाढवितात, हेंहि आतां सिद्ध झालेलें आहे. अर्थात् चूक संबंध शोधण्यांत नव्हती. प्रत्येक रोग्यांत तो न तपासतां गृहीत धरण्यांत होती.

आजचा दंतवैद्य ज्या क्रमानें काम करतो, तो क्रम या ठेंचांतूनच घडलेला आहे. प्रथम हकीकत: कळ केव्हां येते, गारानें कीं ऊन पदार्थानें, चावतांना कीं रात्रीं निजल्यावर, किती वेळ टिकते, मधुमेह, हृदयविकार आहे काय, औषधें कोणतीं चालूं आहेत. मग डोळ्यांनीं पाहणें, दांतावर हलकेच ठोकणें, हिरडीची खोली मोजणें, गार लावून दांत जिवंत आहे कीं नाहीं तें पाहणें, आणि संशयित दांताबरोबर शेजारचा व समोरचा निरोगी दांतहि तसाच तपासणें. त्यानंतर क्ष-किरणचित्र, आणि चित्र व तपासणी यांचा मेळ बसत नसेल तर घाई न करतां थांबणें. पूर्वीं जो दांत निमूटपणें उपटला गेला असता, तो आज मुळांतील नळ्या साफ करून भरल्यानें, म्हणजे ‘रूट कॅनाल’ केल्यानें, वर्षानुवर्षें काम देतो. पण तो उपचारदेखील भलत्याच दांतावर केला तर व्यर्थ. म्हणून साधनें वाढलीं तरी निदानाची गरज तसूभरहि कमी झालेली नाहीं.

आपल्या घरांतून मात्र दंतवैद्यानें बराच वेळ प्रश्न विचारले, दोन चित्रें काढलीं आणि ‘आज कांहीं करीत नाहीं, परवां या’ असें म्हटलें, कीं पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. आणि पहिल्याच बैठकींत दांत काढून हातावर ठेवणारा हुषार ठरतो. ट्रेन्टनचा इतिहास आठवला तर हा हिशेब उलटा मांडावा लागेल. कोणता दांत, कशावरून, आणि तो न काढतां दुसरें काय करतां येईल, हे तीन प्रश्न विचारण्याचा प्रत्येक रोग्याला अधिकार आहे, आणि चांगल्या दंतवैद्याला त्यांचा राग येत नाहीं. औषध चुकलें तर बहुधा बदलतां येतें, भरलेली चांदी उकरून पुन्हां भरतां येते. पण मोठ्या माणसाचा काढलेला दांत पुन्हां उगवत नाहीं. तेव्हां तपासणीला लागलेला अर्धा तास हा उपचाराचाच पहिला भाग समजावा.